जेन पावोलच्या आधीची रांग

9 ऑगस्ट 2025 ला अटलांटात बेसबॉलच्या ब्रेव्ज विरुद्ध मार्लिन्स मॅचला जेन पावोल पहिल्या बेसवर अंपायर म्हणून उभी राहिली, आणि मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगच्या, नियमित सीझनमध्ये बाई अंपायर पहिल्यांदाच दिसली. दुसऱ्या दिवशी तर ती मास्क लावून थेट प्लेटमागे, म्हणजे बॅटरच्या मागे होती, टाकलेला चेंडू स्ट्राइक (बरोबर) का बॉल (चुकीचा) हे ठरवायच्या जागेवर. बातमी सगळीकडे झाली, पण एवढा उशीर का लागला हे कळायला या नोकरीचा जिना आधी बघावा लागतो.

तो जिना फारच अरुंद आहे. मेजर लीगमध्ये अंपायरच्या चार-चार जणांच्या 19 टीम, म्हणजे पूर्णवेळ अंपायर फक्त 76. एखाद्या वर्षी एक-दोन जागा रिकाम्या होतात, कधी एकही नाही. खाली मात्र आधी ट्रेनिंग, मग मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीच्या लीगमध्ये, रूकी लीग, सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशी चढण, त्यात सात-दहा वर्षं सहज जातात, पगार तुटपुंजा, सगळा सीझन या गावातून त्या गावात प्रवास, आणि वर जायची शक्यता दिसली नाही की सरळ निरोप देतात. क्रिकेटमध्ये अंपायरला ओव्हरच्या ओव्हर बोट उचलायची वेळ येत नाही, इथे प्लेटमागच्याला एका मॅचमध्ये साधारण दीडशे वेळा तरी निकाल द्यावा लागतो, तोही लगेच.

सुरुवातीला तर पूर्ण मैदानाला एकच अंपायर असायचा. 1870 च्या दशकात नॅशनल लीगमध्ये (ती आज मेजर लीगचाच भाग आहे) मॅचमागे 5 डॉलर मिळायचे, 1882 मध्ये अमेरिकन असोसिएशन या दुसऱ्या लीगने पगारी अंपायर ठेवले तेव्हा कुठे याला नोकरीचं रूप आलं. त्याला इज्जत मिळवून देण्यात बिल क्लेमचा वाटा फार मोठा, 1905 ते 1941 नॅशनल लीगमध्ये आणि 18 वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनच्या फायनल. चार अंपायरची पद्धत नियमित सीझनला 1952 पासून रुळली.

आता रांगेत कोण उभं होतं ते बघा. मेजर लीगमधली वर्णबंदी मोडणारा काळा खेळाडू जॅकी रॉबिन्सन 1947 मध्ये खेळायला लागला, पण पहिला काळा अंपायर मेजर लीगमध्ये यायला 1966 उजाडलं. एमेट ॲशफर्ड. लॉस एंजेलिसमध्ये पोस्टात नोकरी होती, ती बाजूला ठेवून 1951 पासून मायनर लीग केली आणि वर पोचला तेव्हा वय 51. पहिल्या मॅचला वॉशिंग्टनमध्ये उपराष्ट्राध्यक्ष येणार म्हणून बंदोबस्त होता आणि हा अंपायर आहे यावरच गेटवरच्यांचा विश्वास बसेना. निवृत्तीचं वय 55, त्यामुळे एका वर्षाची मुदतवाढ धरूनही त्याला वर मिळाली जेमतेम पाच वर्षं. खाली पंधरा काढली होती त्याने, मला हे फार लागतं.

बायकांच्या वाटेला त्याहून वाईट आलं. बर्निस गेराने ट्रेनिंग पूर्ण केलं तर उंची 5 फूट 10 इंच हवी असा नियम पुढे केला गेला, ती पाच वर्षं कायद्याने भांडली, जिंकली, आणि 24 जून 1972 ला न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावात मायनर लीगची एकच मॅच तिने केली. दुसऱ्या बेसवरचा एक निर्णय तिने फिरवला, त्यावरून वाद झाला, सोबतचे अंपायरही तिच्याशी धड वागत नव्हते, मॅच संपली तशी तिने नोकरी सोडली. मग पॅम पोस्टेमा, 1977 पासून 13 सीझन, ट्रिपल-एपर्यंत. मेजर लीगच्या प्री-सीझन मॅचही तिने केल्या होत्या, मेजर लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, जियामाटी तिच्या बाजूने होते असं मानलं जायचं, ते सप्टेंबर 1989 मध्ये अचानक वारले आणि त्याच सीझननंतर तिला काढलं. तिने कोर्टात केस केली, शेवटी तडजोड झाली.

जागा एवढ्या कमी म्हणून जे आत आहेत ते नोकरीला घट्ट धरून असतात. 1970 मध्ये प्लेऑफच्या, म्हणजे नियमित सीझननंतरच्या बाद फेरीच्या, पहिल्या दिवशी संप, 1979 मध्ये सीझनची सुरुवातच संपाने. सगळ्यात मोठी चूक 1999 ची. करारात संपाला बंदी होती, म्हणून युनियनच्या रिची फिलिप्सने सामूहिक राजीनाम्याची शक्कल काढली आणि 57 जणांनी दिले. लीगने ते खरंच स्वीकारायचं ठरवलं! मायनरमधून नवी माणसं घेतली, बऱ्याच जणांनी घाईघाईने राजीनामे मागे घेतले पण 22 जणांची नोकरी गेली. त्यातलाच जो वेस्ट 2002 मध्ये परत आला आणि 2021 मध्ये क्लेमचा 5,375 मॅचचा विक्रम मोडून 5,460 वर निवृत्त झाला.

पावोलने 2016 मध्ये अगदी खालच्या पायरीवरून सुरुवात केली, त्याआधी ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि सॉफ्टबॉलला अंपायरिंग करायची. मायनरमध्ये बाराशेच्या वर मॅच झाल्या तेव्हा अटलांटाचा फोन आला. आणि त्या दिवशीसुद्धा ती त्या 76 जणांत नव्हती, ट्रिपल-एमधून बदली म्हणून बोलावली होती.