व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली अशिलाची फाइल खरंच सुरक्षित असते का?

"व्हॉट्सअ‍ॅप एन्क्रिप्टेड आहे, अशिलाची कागदपत्रं बिनधास्त पाठवा." नागपुरात वकील मंडळींच्या बोलण्यात हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. पण ते अर्धंच खरं आहे. 2016 पासून सगळ्यांना मिळालेलं हे एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येईल असं कुलूप, फाइल वाटेत असताना तिला जपतं, पोचल्यावर नाही.

सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाजवळच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानाचंच घ्या. तारखेच्या घाईत तिथल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडायचं, घटस्फोटाच्या अर्जाची प्रिंट काढायची आणि लॉगआउट न करताच पळायचं. ती पीडीएफ 'डाउनलोड्स'मध्ये पडून राहते, शिवाय पुढचे मेसेजही त्या स्क्रीनवर येत राहतात. हॅकरची गरजच काय? क्लाउड बॅकअपला, म्हणजे इंटरनेटवर साठवलेल्या चॅटच्या प्रतीलाही, एन्क्रिप्शनचं संरक्षण हवं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ते आपणच सुरू करावं लागतं. ही सोय 2021 पासून आहे.

भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 मधलं गोपनीयतेचं बंधन वकिलाच्या कारकुनालाही लागू आहे, हे विसरू नका. आजच फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा आणि आपला नसलेला प्रत्येक कॉम्प्युटर काढून टाका. बाहेर प्रिंट काढावीच लागली, तर फाइल स्वतः डिलीट करा, रिसायकल बिनसुद्धा रिकामी करा.