भातावरील तुडतुडे आणि विषाणूजन्य रोग (गोवा)

भाताच्या चुडातील (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुपक्यातील) रस शोषून पीक वाळवणारे व काही विषाणू एका रोपातून दुसऱ्या रोपात नेणारे लहान कीटक. गोव्यातील शेतकऱ्याला तीन प्रकार ओळखता यायला हवेत : तपकिरी तुडतुडा (निलापर्वता लुगेन्स), पांढऱ्या पाठीचा तुडतुडा (सोगाटेला फर्सिफेरा) आणि हिरवा तुडतुडा (नेफोटेटिक्स). हिरवा पानांवर असतो व सहज नजरेस पडतो. बाकीचे दोन बुंध्याशी, पाण्याच्या पातळीच्या जरा वर दाटीने बसतात. बांधावर उभे राहून शेत पाहणाऱ्याला ते दिसत नाहीत, आणि बहुतेक वेळा उशीर होतो तो इथेच.

तपकिरी तुडतुड्याची मादी पानाच्या आवरणात अंडी घालते. आठवडाभरात पिल्ले बाहेर पडतात, पाच वेळा कात टाकतात आणि साधारण महिन्याभरात एक पिढी पुरी होते. प्रौढ दोन तऱ्हेचे असतात. लांब पंखांचे उडत येऊन कोवळ्या पिकात शिरतात. त्यांच्या पुढच्या पिढीत आखूड पंखांच्या माद्या निपजतात. त्या उडत नाहीत, पण अंडी जास्त घालतात. गर्दी वाढली आणि रोप सुकू लागले की पुन्हा लांब पंखांची पिढी तयार होऊन दुसऱ्या शेताकडे निघते. लावणीनंतर आलेले मोजके कीटक पीक पोटरीत येईपर्यंत अफाट वाढतात ते यामुळे. पाने पिवळी पडतात, चिकट स्रावावर काळी बुरशी धरते आणि शेतात जळल्यासारखे गोल पट्टे उमटून पसरत जातात. याला ‘हॉपर बर्न’ म्हणतात.

विषाणूंचा मार्ग वेगळा आहे. तपकिरी तुडतुडा ग्रासी स्टंट व रॅग्ड स्टंट हे रोग पसरवतो. पहिल्यात रोप खुजे राहून गवतासारखे बारीक फुटवे फुटतात. दुसऱ्यात पानांच्या कडा फाटक्या व टोके पिळलेली दिसतात. विषाणू कीटकाच्या शरीरात वाढतो, त्याला काही दिवस लागतात, पण नंतर तो कीटक जन्मभर वाहक राहतो. मात्र अंड्यांतून तो पुढच्या पिढीत जात नाही. हिरव्या तुडतुड्याने पसरणारा टुंग्रो हा रोग याच्या उलट आहे : रोगट रोपावर थोडा वेळ बसल्यावरही कीटक विषाणू उचलतो आणि काही दिवसांत गमावतोही. टुंग्रोमागे दोन विषाणू असतात व त्यांतला एक दुसऱ्याच्या वहनासाठी लागतो. पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्याने पसरणाऱ्या खुजेपणाच्या विषाणूने 2022 साली पंजाब-हरियाणात भात खुरटला. लागण झालेल्या रोपावर औषध नाही, ते उपटून नष्ट करणे एवढेच हाती असते. भारतात तुडतुड्यांचे बरेचसे नुकसान मात्र थेट रस शोषण्यानेच होते.

विषाणू आणि कीटक दोघांनाही हंगामांच्या मधल्या काळात हिरवा भात लागतो. गोव्यात पावसाळी सरद पिकानंतर पाण्याची सोय असलेल्या भागात वायंगण भात होते. कापणीनंतर धसकटांना फुटलेले हिरवे कोंब तसेच राहिले, तर सरदातला कीटक तरव्यात (रोपवाटिकेत) आणि तिथून वायंगणात पोचतो. म्हणून धसकटे लवकर नांगरून गाडणे हा स्वस्तातला आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. मोरड (उंचावरच्या) जमिनीत भातानंतर अळसाण्यासारखे कडधान्य घेतले की साखळी आपोआप तुटते. ज्या खाजनांत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत) कापणीनंतर मानशीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) खारे पाणी आत घेऊन मासळी वाढवतात, तिथे कोंब टिकत नाहीत. ही जुनी रीत किडीसाठी निघालेली नसली, तरी तिचा लाभ खरा आहे. एका बांधाखालच्या सर्व कुणग्यांत (शेताच्या तुकड्यांत) लावणी थोड्या दिवसांच्या अंतराने उरकली, तरच या उपायांना अर्थ राहतो. एकट्याने केलेली शिस्त शेजारच्या उशिरा लावलेल्या शेतामुळे फुकट जाते.

सर्वांत जास्त हानी घाईच्या फवारणीने केली आहे. कोळी, तुडतुड्यांची अंडी खाणारा सायर्टोऱ्हिनस ढेकूण व अंड्यांवरील परजीवी गांधीलमाश्या एरवी ही कीड आटोक्यात ठेवतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइडसारखी औषधे आधी यांनाच मारतात. आवरणातली अंडी वाचतात आणि पुढची पिढी मोकळ्या रानात वाढते. इंडोनेशियात याच अनुभवावरून 1986 साली 57 कीटकनाशके भातावर बंद करण्यात आली. रोपे लहान असताना पाने कुरतडलेली दिसली म्हणून फवारा मारणे हे तुडतुड्यांना आवतण देणेच आहे.

वाणांचा आधार मर्यादित आहे. गोव्यात रुजलेल्या दोन वाणांपैकी ‘जया’ तुडतुड्यांना बळी पडते, ‘ज्योती’ काहीशी सहन करते. केरळातील पट्टांबीचा ‘पीटीबी 33’ हा प्रतिकारासाठी जगभर वापरला गेलेला वाण आहे. मात्र प्रतिकार कायमचा नसतो : 1973 साली प्रसारित झालेला ‘आयआर 26’ काही वर्षांतच किडीपुढे हरला. ग्रासी स्टंटविरुद्धचा प्रतिकार उत्तर प्रदेशातील ओरायझा निवारा या रानटी भातात सापडला, तोही हजारो नमुने तपासल्यावर. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खाऱ्या जमिनीसाठी काढलेले ‘गोवा धान’ वाण निवडताना तुडतुड्यांबाबत स्वतंत्र विचारणा करावी, क्षारसहिष्णुता म्हणजे किडीला प्रतिकार नव्हे.

शेतात दर दोन-तीन मीटरांवर फूटभर रुंद पट्टा मोकळा ठेवावा, म्हणजे उजेड व वारा बुंध्यापर्यंत जातो. युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्यावा. फुटव्यांच्या काळापासून आठवड्याला एकदा शेतात उतरून निरनिराळ्या ठिकाणचे चूड वाकवावेत आणि बुंध्यावर थाप मारून पाण्यात पडणारे कीटक मोजावेत. चुडामागे सुमारे दहा तुडतुडे आढळले आणि कोळी कमी असले, तर पहिल्यांदा तीन-चार दिवस पाणी काढून टाकावे. तरीही संख्या वाढली तर विभागीय कृषी कार्यालयाच्या सल्ल्याने बुप्रोफेझिन किंवा पायमेट्रोझिनसारखे निवडक औषध वापरावे, दर वेळी तेच नव्हे. फवाऱ्याचे तोंड बुंध्याकडे असावे. पानांवरून गेलेला फवारा तुडतुड्यांपर्यंत पोचत नाही. दाणे भरून पक्व होत आलेल्या शेतात जळके पट्टे पसरू लागले, तर फवारणीत पैसे न घालता कापणी उरकावी.