बोटावरचा आकडा उशिरा घसरतो

कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आला आणि एक समज पक्का झाला: बोटावर ९८ दिसले की श्वास ठीक आहे. दातांच्या दवाखान्यात गुंगी दिलेल्या पेशंटशेजारी उभ्या असलेल्या सिस्टरने तरी हा समज सोडलेला बरा.

ही गुंगी म्हणजे पूर्ण भूल नव्हे. शिरेतून थोडं थोडं मिडॅझोलाम किंवा नाकावरच्या मास्कमधून नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन देतात. भीती ओसरते, पण ‘तोंड उघडा’ म्हटलं की पेशंट स्वतः उघडतो. दात बधिर करायचं इंजेक्शन वेगळं द्यावंच लागतं, पाटीवर ‘पेनलेस’ कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असो. (वरची दाढ काढली की नजर जाते, या भीतीवर मात्र गुंगीचा उतारा नको. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंपैकी डोळ्याला दिसतं ते दुसऱ्यामुळे, दात दुखतो तो पाचव्यामुळे.)

आता ऑक्सिमीटर. त्यात दोन दिवे असतात: ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० च्या आसपासचा अवरक्त (इन्फ्रारेड). ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं, रिकामं जास्त. अवरक्तात याच्या उलट. पण बोटात कातडी, हाड, शिरांतलं रक्त असं सगळंच प्रकाश शोषतं. मग धमनीतलं रक्त वेगळं ओळखायचं कसं? जपानी अभियंता ताकुओ आओयागी रंगद्रव्य वापरून हृदयाचा रक्तप्रवाह मोजत होता आणि नाडीचे ठोके त्याच्या मोजणीत लुडबुड करत होते. १९७४ मध्ये त्याने ती लुडबुडच कामाला लावली. प्रत्येक ठोक्याला जेवढं शोषण वर-खाली होतं, तेवढं धमनीचं. बाकी स्थिर भाग वजा. दोन्ही प्रकाशांतल्या या चढउतारांच्या गुणोत्तरावरून ऑक्सिजनने भरलेल्या हिमोग्लोबिनची टक्केवारी निघते. म्हणून हात थरथरला, बोटं गार पडली किंवा गडद नेलपॉलिश असलं की आकडा बिघडतो.

खरी गोम पुढे आहे. धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब १०० मिलिमीटर पारा असताना हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरलेलं असतं. दाब ६० वर आला तरी ९० टक्के! ४० ला मात्र थेट ७५. म्हणजे घसरण सुरुवातीला आकड्यात फारशी दिसतच नाही, दिसू लागली की वेगाने होते. त्यात नाकाला जादा ऑक्सिजन लावलेला असेल तर श्वास मंदावूनही ९८ बराच वेळ टिकतो. तोवर कार्बन डायऑक्साइड साठत जातो, आणि तो या यंत्राला कळत नाही. तो मोजायला कॅप्नोग्राफ हे वेगळं यंत्र लागतं.

डॉक्टरांची नजर दाढेवर असते, तोंडात ड्रिलचं पाणी असतं. म्हणून छातीची हालचाल बघणं, श्वास मोजणं, पेशंटशी बोलत राहणं आणि उत्तर यायला उशीर होतोय का हे टिपणं सिस्टरकडे येतं. ब्रिटनमध्ये डेंटल नर्सना यासाठी वेगळं प्रमाणपत्र आहे. महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकातच, म्हसरूळला. पण खुर्चीशेजारची सिस्टर पुष्कळदा बघून बघूनच शिकते. तिला निदान एवढं शिकवावं: पेशंटने आपणहून तोंड मिटलं आणि हाक मारूनही उघडलं नाही, तर आकडा काहीही असो, काम थांबवायला सांगायचं. मिडॅझोलामवर उतारा म्हणून फ्लुमाझेनिल हाताशी हवं.

मिडॅझोलामनंतरचं बोलणं पेशंटला बहुधा आठवत नाही. त्यामुळे सूचना लेखी, आणि सोबत आलेल्या माणसाच्या हातात. त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही, ही त्यातली पहिली.