‘बट’ आणि ‘हाउएव्हर’: इंग्रजी वाक्ये जोडण्याच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

उभयान्वयी अव्ययाला स्वतंत्र शब्दजात मानण्याची प्रथा ग्रीक व्याकरणाइतकी जुनी असून, लॅटिनमार्फत ती इंग्रजीत आली. एकोणिसाव्या शतकातील शालेय व्याकरणाचा भर मात्र जोडण्यापेक्षा तोडण्यावर, म्हणजे वाक्यपृथक्करणावर होता. १८७७ मध्ये अमेरिकेत वाक्याचे अवयव रेषांवर मांडून दाखवणारी आकृती प्रचारात आली आणि ती पुढे कित्येक दशके तेथील वर्गांत टिकली.

या पद्धतीला खरा धक्का १९६३ मध्ये बसला. औपचारिक व्याकरणाच्या तासांनी लेखन सुधारत नाही, उलट प्रत्यक्ष लेखनाचा वेळ त्यात खर्ची पडत असल्याने नुकसानच होण्याचा संभव आहे, असा निष्कर्ष अमेरिकेतील एका अहवालाने काढला. त्यानंतर १९६९ आणि १९७३ मध्ये सातवीच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगांत चारदोन तोकडी वाक्ये देऊन त्यांचे एक वाक्य करून घेण्याचा सराव तपासला गेला. दुसऱ्या प्रयोगात तर व्याकरणाच्या संज्ञा कटाक्षाने टाळूनही मुलांची वाक्यरचना सुधारली. ऐंशीच्या दशकात ही पद्धत मागे पडली, ती निरुपयोगी ठरली म्हणून नव्हे, तर लेखनप्रक्रियेच्या नव्या विचारापुढे तुकड्यातुकड्यांचा सराव यांत्रिक वाटू लागला म्हणून.

सर्वाधिक घोळ झाला तो ‘कनेक्टिव्ह’ (जोडणारा शब्द) या संज्ञेमुळे. १९७६ मध्ये इंग्रजीतील संहितेच्या एकसंधतेविषयी जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ‘बट’ आणि ‘हाउएव्हर’ हे दोन्ही शब्द विरोधदर्शक दुवे म्हणून एकाच रांगेत बसवले होते. अर्थाच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु १९९८ पासून इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत हीच सरमिसळ ‘कनेक्टिव्ह’ या नावाने रूढ झाली आणि त्यांच्या याद्या भिंतींवर लागल्या. ‘बट’ दोन उपवाक्ये स्वतः सांधतो, ‘हाउएव्हर’ सांधत नाही. ‘हाउएव्हर’ आपल्या उपवाक्यात सुरुवातीला, मध्ये किंवा शेवटी सरकवता येतो, ‘बट’ जागचा हलत नाही. एवढी साधी कसोटी यादीत दिसत नसल्याने ‘इट वॉज रेनिंग, हाउएव्हर वी वेंट आउट’ असे नुसत्या स्वल्पविरामावर लटकलेले वाक्य शिकणाऱ्यांना बिनचूक वाटू लागले.

२०१४ पासून लागू झालेल्या तेथील अभ्यासक्रमाने पुन्हा उभयान्वयी अव्यय हीच संज्ञा स्वीकारली, आणि दुसऱ्या इयत्तेपासूनच ‘व्हेन’, ‘इफ’, ‘दॅट’, ‘बिकॉज’ यांनी गौण उपवाक्य जोडणे अपेक्षित धरले. घोळ मात्र संपला नाही. २०१६ मध्ये शालेय शिक्षणाच्या मंत्र्यांनाच रेडिओवरील मुलाखतीत एका वाक्यातील ‘आफ्टर’ची जात विचारली गेली. वाक्याचा आशय ‘जेवण झाल्यावर मी चित्रपटाला गेलो’ असा होता. मंत्र्यांनी ‘आफ्टर’ला शब्दयोगी अव्यय म्हटले आणि त्यांचे हसे झाले, कारण अभ्यासक्रमानुसार उत्तर उभयान्वयी अव्यय असे होते. गंमत अशी, की २००२ मधील इंग्रजीच्या एका बृहद्‌व्याकरणाने अशा ‘आफ्टर’ला शब्दयोगी अव्ययांतच गणले आहे. अभ्यासकांत मतभेद असलेल्या प्रश्नावर अकरा वर्षांच्या मुलांचे गुण अवलंबून ठेवण्याचा हा निर्णय अजूनही समर्थनीय वाटत नाही.

इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांची अडचण या वादाच्या बाहेरच राहिली. मराठीत ‘जरी’ला ‘तरी’ लागतो, चिनी भाषेतही अशी जोडी चालते. त्यामुळे ‘ऑलदो’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे ‘बट’ हमखास येतो, आणि शब्दाची जात पाठ असली तरी तो गळत नाही. तो गळतो दोन वाक्ये समोर ठेवून एकदा ‘ऑलदो’ने, एकदा ‘बट’ने जोडून पाहिल्यावर. २००७ मध्ये किशोरवयीनांच्या लेखनावरील संशोधनाचा एकत्रित आढावा घेणाऱ्या अमेरिकी अहवालाने सुचवलेल्या ११ उपायांत वाक्ये जोडण्याचा हा जुना सराव परत आला. व्याकरणाच्या स्वतंत्र तासांना त्या यादीत जागा मिळाली नाही.