मुक्त अप्रत्यक्ष कथन

पात्राच्या मनातला विचार किंवा त्याच्या तोंडचे शब्द निवेदकाच्याच वाक्यात, पण पात्राच्या सुरात मांडण्याची कादंबरीतील निवेदनपद्धती. ‘ती म्हणाली’, ‘त्याला वाटले’ अशी जोडवाक्ये येथे गाळलेली असतात आणि अवतरणचिन्हेही नसतात. पुरुष तृतीय व काळ भूत राहतो. मात्र उद्गार, प्रश्न आणि ‘आता’, ‘उद्या’, ‘इथे’ यांसारखे शब्द पात्र जिथे उभे आहे तिथून आलेले असतात. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच आणि इंग्रजी कादंबरीने माणसाचे मन ज्या बारकाईने उघडून दाखवले, त्यात या पद्धतीचा वाटा सर्वांत मोठा आहे.

फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘ती खिडकीशी थांबली. “उद्या तरी येईल का तो?” असे तिने स्वतःला विचारले.’ हे प्रत्यक्ष कथन. ‘तो दुसऱ्या दिवशी येईल की नाही, असा प्रश्न तिला पडला.’ हे अप्रत्यक्ष कथन. आणि ‘ती खिडकीशी थांबली. उद्या तरी येणार होता का तो?’ हे मुक्त अप्रत्यक्ष कथन. शेवटच्या वाक्यातला ‘होता’ निवेदकाचा आहे, तर ‘उद्या तरी’ हे शब्द तिचे आहेत. एका वाक्यात दोन माणसे बोलत आहेत आणि त्यांच्यामध्ये भिंत नाही. या पद्धतीचे सगळे बळ आणि तिच्यामुळे होणारे सगळे गैरसमज या भिंत नसण्यातूनच येतात.

पद्धत जुनी, नाव नवे. सतराव्या शतकात फ्रेंच कवी ला फोंतेनच्या पद्यकथांत तिचे ठळक नमुने सापडतात. व्याकरणकारांचे लक्ष तिच्याकडे फार उशिरा गेले. १८८७ मध्ये आडोल्फ टोब्लर या भाषाभ्यासकाने प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कथनाचे हे चमत्कारिक मिश्रण नोंदवले. १९१२ मध्ये जिनिव्हाचे भाषाशास्त्रज्ञ शार्ल बायी यांनी फ्रेंचमध्ये तिला आजचे नाव दिले. मराठी संज्ञा त्याच नावावरून घडली आहे. आधुनिक भाषाशास्त्राचा पाया घालणाऱ्या सोस्यूरची व्याख्याने ग्रंथरूपाने संपादित करणाऱ्या दोघांपैकी एक ते हेच बायी. जर्मन अभ्यासकांनी तिला ‘अनुभवलेले भाषण’ म्हटले. हे नावही अर्थपूर्ण आहे, कारण वाचक अशा वाक्यात पात्राचे बोलणे नुसते ऐकत नाही, तर त्याच्या जागी बसून ते भोगतो.

अठराव्या शतकातील कादंबरीकारांपुढे पात्राच्या मनात शिरण्याचे मुख्य दार होते पत्राचे. सॅम्युएल रिचर्डसनची ‘पामेला’ (१७४०) पत्रांतून आणि रोजनिशीतून उलगडते. धन्याच्या हाती लागू नयेत म्हणून ही मोलकरीण आपले कागद अंगावरच्या वस्त्रांत शिवून ठेवते. फ्रान्समध्ये लाक्लोने १७८२ मध्ये १७५ पत्रांची कादंबरी रचली. तिच्यात एकाच घटनेचे रूप पत्र कोणाला लिहिले आहे त्यावर पालटते. दुसरे दार होते सर्वज्ञ निवेदकाचे. हेन्री फील्डिंगच्या ‘टॉम जोन्स’चे (१७४९) अठरा भाग आहेत आणि प्रत्येक भागाच्या पहिल्या प्रकरणात निवेदक यजमानासारखा वाचकाशी गप्पा मारतो. दोन्ही दारांना मर्यादा होत्या. पत्र लिहिणारा माणूस त्याला सांगायचे आहे तेवढेच लिहितो, आणि फील्डिंगचा निवेदक पात्रांच्या इतका वर उभा असतो की खालच्या माणसाचा श्वास ऐकू येत नाही. स्वतःलाच फसवणारे, स्वतःचे मन न ओळखणारे पात्र रंगवायचे झाले तर? त्याला पत्रात खरे लिहिता येणार नाही, कारण खरे काय ते त्यालाच ठाऊक नाही.

जेन ऑस्टिनने या प्रश्नाचे उत्तर शोधले. तिच्या पहिल्या प्रकाशित कादंबरीचा (१८११) मूळ खर्डा पत्ररूपात होता, अशी तिच्या घराण्यातील आठवण आहे. पत्रे टाकून ती तृतीयपुरुषी निवेदनाकडे वळली, पण पत्रातली जवळीक तिने सोडली नाही. ‘एमा’ (डिसेंबर १८१५, मुखपृष्ठावर १८१६) ही कादंबरी म्हणजे या पद्धतीची शाळाच आहे. एमा वुडहाउसला लोकांची लग्ने जुळवण्याची हौस. गावचा पाद्री एल्टन आपल्या मैत्रिणीवर, हॅरिएटवर, भाळला आहे अशी तिने खूणगाठ बांधलेली असते. नाताळच्या आदल्या रात्री, बर्फ पडत असताना, परतीच्या बग्गीत तो एमालाच मागणी घालतो. पुढचे प्रकरण सुरू होते तेव्हा तिचे केस कुरळे करून झालेले आहेत, दासी गेली आहे आणि एमा विचार करायला व दुःखी व्हायला बसली आहे. लगेच उद्गार सुरू होतात: काय ही भलतीच गोष्ट होऊन बसली! मनात धरलेले सगळेच कोसळले! आणि हॅरिएटला बसलेला हा धक्का, ते तर सगळ्यांत वाईट!

हे उद्गार निवेदकाचे नाहीत, हे वाचकाला सांगावे लागत नाही. पण ते अवतरणातही नाहीत. त्यामुळे एमाचा पश्चात्ताप खरा वाटतो आणि त्यातला स्वतःच्या मानभंगाचा सलही दिसतो. केस आधी कुरळे करून घेऊन मग दुःखी होणे, हा क्रम ऑस्टिनने एका वाक्यात ठेवला आणि त्यावर एक अक्षर भाष्य केले नाही. पहिल्या वाचनात आपण एमाच्या चुकीच्या अंदाजांना फसतो, कारण ते निवेदकाच्या वाक्यांच्या रूपात आपल्यापुढे येतात. दुसऱ्या वाचनात तीच वाक्ये एमाची होती हे उमगते. ‘एमा’ दोनदा वाचण्याची कादंबरी आहे ती म्हणूनच.

ऑस्टिनने हे तंत्र बोललेल्या शब्दांनाही लावले. ‘एमा’तच पुढे डॉनवेल या वाड्याच्या बागेत स्ट्रॉबेरी तोडायला सगळे जमतात. पाद्री एल्टनने पुढे लग्न केलेल्या मिसेस एल्टनची अर्ध्या तासाची बडबड ऑस्टिन तुटक तुकड्यांच्या एका परिच्छेदात बसवते. इंग्लंडातले सर्वोत्तम फळ, सर्वांच्या आवडीचे, प्रकृतीला उत्तम, अशी सुरुवात होते. हळूहळू ते फार खाववत नाही, चेरी त्याहून बऱ्या, वाकायला लागते हाच काय तो त्रास, ऊन फार, थकून गेले, आता सावलीतच जाऊन बसायला हवे, असा शेवट होतो. मध्ये कोणी काय उत्तर दिले याचा मागमूस नाही. ऊन चढत जाते ते केवळ तिच्या शब्दांतून कळते.

फ्रेंच भाषेची या पद्धतीला वेगळीच साथ मिळाली. फ्रेंचमध्ये घडून गेलेली घटना सांगणारा साधा भूतकाळ निराळा आणि चालू राहिलेली स्थिती सांगणारा अपूर्ण भूतकाळ निराळा. निवेदक घटनेवरून मनात शिरला की क्रियापदाचे रूप बदलते. हे रूप वर्णनासाठीही वापरले जात असल्याने उंबरठा ओलांडल्याचा आवाज मात्र होत नाही. गुस्ताव्ह फ्लोबेरने या अपूर्ण भूतकाळाचा जो उपयोग केला, त्याकडे मार्सेल प्रूस्तने १९२० मधील एका लेखात आवर्जून लक्ष वेधले होते.

फ्लोबेरने रूआंजवळच्या क्रोआसे येथील घरात बसून १८५१ ते १८५६ या काळात ‘मादाम बोव्हारी’ लिहिली. परमेश्वर विश्वात असतो तसा लेखक आपल्या कृतीत असावा, सर्वत्र हजर आणि कुठेही न दिसणारा, ही धारणा त्याने या काळात आपली प्रेयसी, कवयित्री लुईझ कोले हिला लिहिलेल्या पत्रात मांडली आहे. न दिसण्याची मोठी किंमत त्याला द्यावी लागली. १८५६ च्या अखेरीस कादंबरी एका नियतकालिकातून क्रमशः आली आणि जानेवारी १८५७ मध्ये लेखक, नियतकालिकाचा व्यवस्थापक व मुद्रक यांच्यावर सार्वजनिक व धार्मिक नीतीचा अवमान केल्याबद्दल खटला उभा राहिला.

सरकारी वकील एर्नेस्त पिनार यांना खटकलेल्या उताऱ्यांपैकी एक या पद्धतीच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला. प्रियकर रोदोल्फबरोबर रानात जाऊन आल्यावर कादंबरीची विवाहित नायिका एमा बोव्हारी आरशात पाहते. आपले डोळे इतके मोठे, इतके काळे कधीच नव्हते असे तिला दिसते. मला प्रियकर आहे, प्रियकर, हे ती पुनःपुन्हा म्हणते. त्यानंतरचे वाक्य असे: म्हणजे प्रेमाची ती सुखे, जिची आशाच सोडली होती ती सुखाची धुंदी, आता अखेर तिला लाभणार होती. पिनार यांच्या युक्तिवादाप्रमाणे हे व्यभिचाराचे गौरवगान होते. एमाला दोषी ठरवू शकेल असे पुस्तकात कोणी आहे का, असा त्यांचा सवाल होता, आणि त्यांचे उत्तर होते: कोणीही नाही. बचावाचे वकील झ्यूल सेनार होते. ७ फेब्रुवारी १८५७ रोजी न्यायालयाने कानउघाडणी करून सर्वांना निर्दोष सोडले.

ते वाक्य लेखकाचे मत नव्हे, ते एमाच्या मनात उमटलेले आहे, आणि तेही तिने वाचलेल्या प्रेमकथांच्या भाषेत. विसाव्या शतकात जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी हाच मुद्दा मांडला आणि नव्या निवेदनपद्धतीने वाचकांच्या सवयींना कसा धक्का दिला याचे उदाहरण म्हणून हा खटला पुढे ठेवला. पण पिनार यांना केवळ अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. निवाडा देणारा आवाज पुस्तकातून नाहीसा झाला आहे, हे त्यांनी अगदी अचूक ओळखले होते.

फ्लोबेर हे तंत्र कुठे वापरत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. कृषिमेळाव्याच्या प्रकरणात कातरीन लरू या म्हातारीला एकाच शेतावर ५४ वर्षे राबल्याबद्दल २५ फ्रँक किमतीचे रौप्यपदक मिळते. फ्लोबेर तिच्या मनात शिरत नाही. कोठारातली धूळ, धुण्याचा खार आणि लोकरीचे तेल यांनी राठ झालेले, स्वच्छ धुऊनही मळकेच दिसणारे तिचे हात तो दाखवतो आणि थांबतो. एमाची स्वप्ने आतून आणि कातरीनचे कष्ट बाहेरून, अशी ही वाटणी आहे. माझ्या मते या कादंबरीतले सर्वांत करुण पान हेच.

फ्लोबेरनंतर एमिल झोलाने ‘लासोम्वार’मध्ये (१८७७) ही पद्धत एका व्यक्तीच्या मनापलीकडे नेली. पॅरिसच्या कामगारवस्तीची बोली पात्रांच्या संवादांतून निघून निवेदनात पसरते आणि सारी आळीच गोष्ट सांगत आहे असे वाटू लागते. टीकाकारांना कथेइतकीच ही भाषाही झोंबली. इंग्लंडमध्ये जॉर्ज एलियटने निवेदकाचा आवाज न गमावता या पद्धतीचा वापर केला. ‘मिडलमार्च’च्या (१८७१–७२) एकोणतिसाव्या प्रकरणात नायिका डोरोथियाचे नाव घेताच निवेदक थबकतो, नेहमी डोरोथियाच का, असे विचारतो आणि तिच्या रुक्ष, वयस्क नवऱ्याच्या मनाकडे वळतो. विसाव्या शतकात व्हर्जिनिया वुल्फच्या ‘मिसेस डॅलोवे’त (१९२५) एका मनातून दुसऱ्या मनात जाण्यासाठी आकाशातले विमानही पुरते.

संज्ञाप्रवाहाशी, म्हणजे मनातले विचार जसे येतील तसे अखंड मांडण्याच्या पद्धतीशी, या पद्धतीची गल्लत केली जाते. संज्ञाप्रवाहात निवेदक बहुधा मावळतो आणि व्याकरणाची घडीही मोडू शकते, मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीत तो प्रयोग केला. मुक्त अप्रत्यक्ष कथनात निवेदक जागा असतो, वाक्य त्याच्याच हातात असते.

मराठी अनुवादकाला ही पद्धत वेगळ्या अडचणीत टाकते. इंग्रजी-फ्रेंचमध्ये दुसऱ्याचे बोलणे सांगताना काळ मागे सरकतो. मराठीत ‘ती म्हणाली की मला बरं वाटत नाही’ हे सरळ चालते. काळ हलत नाही, पुष्कळदा पुरुषही हलत नाही. त्यामुळे मूळ वाक्यातला तृतीयपुरुषी भूतकाळ जसाच्या तसा आणला की ते निवेदकाचे कोरडे विधान वाटते, आणि वर्तमानकाळ व ‘मी’ वापरला की ते सरळ स्वगत होते; दोन्ही वेळा दुसरा आवाज हरवतो. तरी मराठीजवळ स्वतःची साधने आहेत. ‘सुचेना’, ‘कळेना’, ‘बोलवेना’ ही रूपे भूतकाळात असूनही माणसाच्या आतून बोलतात. ‘तरी’, ‘बाई’, ‘मेला’, ‘कुठला यायला’ असे शब्द एका फटक्यात पात्राचा सूर लावतात. आरशापुढच्या एमाचे वाक्य मराठीत जगते की मरते, हे पुष्कळदा अनुवादकाने ‘अखेर’ लिहिले की ‘एकदाचं’, यावर ठरते.