टेंडन की लिगामेंट? दुखतंय ते नेमकं काय?

पायरी चुकते, पाऊल आत वळतं आणि बघता बघता घोटा सुजतो. पहिला बघणारा म्हणतो, ‘शीर आखडली.’ दुसरा म्हणतो, ‘स्नायू फाटला असेल.’ तिसरा ‘लिगामेंट’ म्हणतो आणि चौथा ‘टेंडन काय, लिगामेंट काय, तेच ते’ म्हणून विषय संपवून टाकतो. यातल्या तिसऱ्याचं बहुधा बरोबर असतं. चौथ्याचं ‘तेच ते’ मात्र साफ चूक.

चूक होते ती दिसण्यावरून. दोन्ही पांढरट, चिवट, दोरीसारखे किंवा पट्टीसारखे. दोन्ही मुख्यतः कोलॅजेन या एकाच प्रथिनाच्या धाग्यांचे बनलेले. फरक आहे तो कोण कशाला बांधलंय यात. टेंडनचं एक टोक स्नायूत मुरलेलं असतं आणि दुसरं हाडात रुतलेलं. लिगामेंटच्या दोन्ही टोकांना हाडंच असतात. बाकीचे जवळजवळ सगळे फरक एवढ्यातून निघतात.

आपल्या भाषेनेही या गोंधळाला हातभार लावलाय. टेंडनसाठी ‘कंडरा’ आणि लिगामेंटसाठी ‘अस्थिबंध’ असे वेगळे शब्द आहेत, पण बोलताना ते कुणी वापरत नाही, आणि ‘स्नायुबंध’ हा तिसरा शब्द दोन्हींसाठी सर्रास खपतो. त्यात आणखी गंमत म्हणजे सुश्रुतसंहितेत ‘स्नायू’ म्हणजे आजचा मसल नव्हेच. तिथे स्नायू म्हणजे बांधून ठेवणाऱ्या चिवट दोऱ्या, आणि मसलला तिथे ‘पेशी’ म्हटलंय. आज ‘पेशी’ म्हटलं की आपल्याला सूक्ष्मदर्शक आठवतो! म्हणून इथे सरळ टेंडन आणि लिगामेंटच म्हणू या.

आधी टेंडन. स्नायूला एकच गोष्ट येते, आखडणं. तो खेचू शकतो, ढकलू शकत नाही. कोपर वाकवताना दंडाच्या पुढचा बायसेप्स खेचतो, सरळ करताना मागचा ट्रायसेप्स. ही ओढ हाडापर्यंत पोचवायचं काम टेंडनचं. आणि टेंडन लांबलचक असू शकत असल्यामुळे स्नायू एकीकडे, हालचाल भलतीकडे, अशी सोय शरीराला करता येते.

हे पटत नसेल तर डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा मांसल भाग धरा आणि उजवी बोटं पेटी वाजवल्यासारखी हलवा. हलताना दिसतात बोटं, पण मुठीखाली वळवळतं कोपराजवळ. बोटांच्या आत बोटं हलवणारे स्नायू नाहीतच. काही लहान स्नायू तळहातात आहेत, आणि जोराचं काम करणारे कोपरापासून मनगटाच्या दरम्यान. मनगटात कार्पल टनेल नावाचा एक अरुंद बोगदा आहे, त्यातून बोटं आणि अंगठा वाकवणारे 9 टेंडन आणि एक मज्जातंतू दाटीवाटीने जातात.

आणखी एक खेळ. तळहात टेबलावर पालथा ठेवा आणि फक्त मधलं बोट तळव्याखाली दुमडून घ्या. आता अंगठा उचला, तर्जनी उचला, करंगळी उचला. जमेल. अनामिका उचलून बघा. ती टेबलाला चिकटल्यासारखी पडून राहते, किंवा फार तर जराशी हलते. बोटात दोष काहीच नाही. बोटं सरळ करणारे टेंडन हाताच्या पाठीवर आडव्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. मधलं बोट दुमडलं की त्याचा टेंडन पुढे ओढला जातो आणि शेजाऱ्यालाही सोबत घेऊन जातो. तर्जनी आणि करंगळीला या सामाईक व्यवस्थेशिवाय स्वतःचा एकेक स्नायू आहे, म्हणून त्या सुटतात. बिचाऱ्या अनामिकेला तसा नाही.

लिगामेंट यातलं काहीही करत नाही. ते काही हलवत नाही, उलट नको ती हालचाल होऊ देत नाही. गुडघा पुढे-मागे छान चालतो, पण डावीकडे-उजवीकडे वाकत नाही, कारण दोन्ही बाजूंना एकेक लिगामेंट उभं आहे. सांध्याच्या आत आणखी दोन लिगामेंट्स फुलीसारखी एकमेकांना छेद देऊन जातात. त्यातलं पुढचं, म्हणजे बातम्यांत सारखं येणारं ‘एसीएल’, नडगीच्या हाडाला पुढे घसरू देत नाही, आणि मागचं मागे जाऊ देत नाही. टेंडनला एकाच दिशेची ओढ सोसायची असते, त्यामुळे त्याचे धागे समांतर, शिस्तीत. लिगामेंटला कुठूनही हिसका बसू शकतो, म्हणून त्याच्या धाग्यांची वीण थोडी तिरपी-आडवी.

लिगामेंटला नुसती दोरी समजणं मात्र अन्याय आहे. सांधा किती वळलाय याची खबर मेंदूला देणारे संवेदक त्यात असतात. घोटा मुरगळून बरा झाल्यावरही फिजिओथेरपिस्ट एका पायावर उभं राहायला लावतात, ते ही बिघडलेली खबरबात पुन्हा जुळवण्यासाठी. लोक नेमका हाच व्यायाम कंटाळवाणा म्हणून सोडतात आणि तोच घोटा पुन्हा मुरगळून घेतात.

गुडघ्याच्या वाटीपाशी आपला नियम जरा अडखळतो. वाटीपासून नडगीपर्यंत जो जाड पट्टा जातो, त्याची दोन्ही टोकं हाडांत, म्हणजे लिगामेंट. पण वाटी हे हाड मुळात मांडीच्या पुढच्या स्नायूच्या टेंडनमध्येच बसलेलं आहे, म्हणजे पट्टा टेंडनचाच पुढचा भाग. डॉक्टरसुद्धा दोन्ही नावं वापरतात. कामाकडे बघितलं तर मी त्याला टेंडनच म्हणेन, कारण पाय सरळ करायची ओढ त्याच्यातूनच जाते.

दुखापतीत हा फरक अंगाला कळतो. लिगामेंट दुखावतं ते सांधा वेडावाकडा वळल्यावर. घोट्यात बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचं. एसीएल तुटताना धावता धावता दिशा बदललेली असते, अनेकांना ‘टक्’ असा आवाज येतो, काही तासांत गुडघा फुगतो आणि पुढे चालताना तो मधेच दगा देतो. टाचेमागचा अकिलीस टेंडन तुटतो तेव्हा मागून कुणी लाथ घातल्यासारखं वाटतं. माणूस वळून बघतो, तर मागे कुणीच नसतं. तपासताना डॉक्टर पालथं झोपवून पोटरी दाबतात. पाऊल आपोआप खाली वळलं नाही, तर टेंडन तुटल्याची दाट शंका.

याच युक्तीचं साधं रूप असं: सांधा न हलवता नुसता जोर लावला, म्हणजे भिंत ढकलल्यासारखा, आणि तेवढ्यानेच दुखलं, तर बोट टेंडन किंवा स्नायूकडे जातं. तुम्ही अंग सैल सोडलंय आणि दुसऱ्याने सांधा अलगद वळवल्यावर एका बाजूला कळ आली, तर लिगामेंटकडे. ताज्या, सुजलेल्या दुखापतीवर हे प्रयोग करू नका. पायावर भारच देता येत नसेल तर आधी एक्स-रे, कारण हाडही मोडलेलं असू शकतं.

टेंडन हळूहळूही कुरकुरतो, तोच तोच ताण महिनोन्‌महिने पडून. टेनिस एल्बो त्यातलाच, आणि तो होणाऱ्या बहुतेकांनी रॅकेट हातातही धरलेली नसते.

रक्तपुरवठा दोघांनाही बेताचाच, त्यामुळे भरून यायला स्नायूपेक्षा वेळ जास्त. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट बऱ्याचदा पट्टा बांधून जुळतं. पूर्ण तुटलेल्या एसीएलची टोकं मात्र सांध्यातल्या द्रवात सुटी पडतात आणि सहसा आपली आपण नीट जुळत नाहीत. मग शस्त्रक्रियेत मांडीच्या मागचा टेंडन किंवा वाटीखालच्या टेंडनची एक पट्टी काढून घेतात, हाडांत बोगदे पाडून तिथे बसवतात आणि दोन्ही टोकं पक्की करतात. आता त्याच्या एकाही टोकाला स्नायू नाही. पुढच्या महिन्यांत त्याच्यात नव्या पेशी शिरतात, रक्तवाहिन्या येतात आणि त्याची घडण हळूहळू लिगामेंटसारखी होत जाते. म्हणूनच गुडघा दुखायचा थांबला तरी, झटक्यात वळावं लागतं असे खेळ साधारण 9 महिने तरी खेळू देत नाहीत.