२,९९४ आणि २,९९७

पोर्शे ९११ टर्बोचं पहिलं इंजिन २,९९४ सीसीचं. चौथ्या पिढीच्या टोयोटा सुप्राचं २,९९७ सीसीचं. सिलिंडर दोन्हीकडे सहाच. एक गाडी १९७५ची जर्मन, दुसरी १९९३ची जपानी. अठरा वर्षांत इंजिन तीन सीसीनं वाढलं, पण अॅक्सिलरेटर दाबल्यावर काय होतं, यात जमीन-अस्मानाचा फरक पडला.

टर्बोची कल्पना साधी आहे. वाया जाणाऱ्या गरम धुरानं एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. घाट चढणाऱ्या ट्रकची बारीक शिट्टी ऐकली असेल, तर ती याच चक्राची.

गोची अशी, की इंजिन सावकाश चालत असताना धूरही कमी असतो. भोवरा चुटकीसरशी फिरतो, जातं हलायलाच वेळ घेतं. चक्राची घडण तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर त्याचं फिरण्याचं जडत्व बत्तीसपट होतं! पोर्शेत असा एकच मोठा टर्बो होता.

त्यात हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड चटका देतं, तसंच. तापलेल्या हवेत पेट्रोल नको तेव्हा आपोआप पेटतं आणि इंजिन ठोके देऊ लागतं. म्हणून पोर्शेनं कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, ६.५ इतका खाली आणला. परिणामी टर्बो जागा होईपर्यंत गाडी मरगळलेली, आणि मग २६० अश्वशक्तीचा लोंढा एकदम मागच्या चाकांवर. तो नेमका वळणावर आला आणि चालकानं घाबरून पाय उचलला, की वजन पुढे सरकतं, मागच्या टायरांची पकड सुटते आणि मागे बसवलेलं जड इंजिन गाडीचं शेपूट बाहेर फेकतं. 'विधवा करणारी' हे नाव तिला उगाच पडलं नाही. १९७८मध्ये ३.३ लिटरचं इंजिन आलं, सोबत दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर. ताकद ३०० झाली. स्वभाव मात्र फारसा निवळला नाही.

सुप्रानं वेगळी शक्कल लढवली. टर्बो दोन, पण पाळीपाळीनं. सुरुवातीला सगळा धूर पहिल्याकडेच जातो, त्यामुळे तो लवकर फिरू लागतो. पुढे झडपा उघडून थोडा धूर दुसऱ्याकडे सोडून त्याला आधीच गती दिली जाते आणि इंजिनाच्या मिनिटाला सुमारे ४,००० फेऱ्यांना दोघं मिळून काम करतात. जपानी कंपन्यांच्या आपसातल्या समझोत्यामुळे तिथे कागदावर २८०च अश्वशक्ती लिहिली जाई. निर्यातीच्या गाड्यांत ३२०च्या पुढे. मला विचाराल तर या गाडीतली खरी करामत या झडपांच्या वेळापत्रकात आहे.

गंमत म्हणजे पुढे हौशी मंडळींनी हेच वेळापत्रक उपटून टाकलं. सुप्राचा बिडाचा ब्लॉक दणकट, मूळ ताकदीच्या दुपटीलाही डगमगत नाही. मग दोन्ही टर्बो काढून एकच भलामोठा बसवायचा, की पोर्शेची ती जुनी वाट पाहणं परत आलंच! आज संग्राहक सुप्राचं बॉनेट उघडून आधी बघतात ते हेच, की मूळचे दोन टर्बो आणि त्यांच्या झडपांच्या बारीक रबरी नळ्या अजून जागेवर आहेत ना.